मधली तीस पानं

प्रिय बाबा,

आज मधल्या सुट्टीत पुण्याहून त्या एजंटबाईंचा फोन आला. तुम्हाला जाऊन तीन महिने झाले, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली, म्हणून लिहायला बसले. त्यांनी माझी कादंबरी घेतली. आता प्रकाशक त्या शोधणार.

"एजंट म्हंजे अडत्याच नं?" असं तुम्ही विचारलं होतं, आठवतं? मी केवढी चिडले होते. पण दुसरं काय असतं ते? चार प्रकाशकांना मी परस्पर बाड पाठवून पाहिलं, साधी पोचही आली नाही. तुमचं म्हणणं एकच, "माल चांगला असून काय फायदा? यार्डात उभं राहाले आपला माणूस पायजे." मालेगावच्या मार्केट यार्डात धान्य तोलण्यात उमर घालवलेल्या मापाऱ्याशी मी काय वाद घालणार? घातला, ते सोडा.

बाईंना कागदावर वाचायची सवय. नमुना म्हणून त्यांनी पहिली तीस पानं पोस्टानं मागवली होती. मी शिकवते त्या मेडशीच्या शाळेत परीक्षा सुरू, म्हणून बाड आणि पाकीट तुमच्या हवाली करून मी एसटी धरली. संध्याकाळी मालेगावच्या पोस्टातून परतल्यावर तुम्ही शांतपणे सांगितलंत, "पयली नाई पाठवली. मधातली पाठवली."

"काहून?" मी ओरडलेच.

"वरून तं सारेच चांगला माल ठेवतात. पोत्यात कोपरालोक हात घातल्याबिगर माल समजत नसते."

पाच वर्षांची मेहनत मातीत घातलीत, असं मी म्हणाले. चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. कोणती पानं पाठवलीत, एवढंही विचारलं नाही. पुढच्याच महिन्यात तुम्ही गेलात. ते चार दिवस मला अजून टोचतात, बाबा.

तुमच्या तेरवीनंतर बाईंनी सगळं बाड मागवलं आणि मी ते पाठवून दिलं. आज त्या म्हणाल्या, "घेते मी, पण सुरुवात बदला. तिथला बाप फार देवमाणूस झालाय. तुम्ही आधी पाठवलेल्या पानांत मुलीचा कॉलेजचा अर्ज दडवतो ना, तो बाप खरा आहे. त्याच्यामुळेच मी पुढचं मागवलं."

तुम्ही पाठवलेली पानं ती होती, हे मला आज कळलं.

अमरावतीच्या कॉलेजचा माझा अर्ज तुम्ही पेटीत ठेवून दिला होता, तारीख निघून जाईपर्यंत. मला कळलं होतं. एकोणीस वर्षं मी विचारलं नाही आणि तुम्ही बोलला नाहीत. कादंबरीत लिहिलं, तेही तुम्ही इतक्या आतलं काही वाचणार नाही या भरवशावर. वर, चुकून पहिली चार पानं चाळलीत तर वाईट वाटू नये म्हणून सुरुवातीला बाप गोड करून ठेवला.

घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "वाचत तं होते. तू शाळेत गेली का बाड घेऊन बसत. एक दिवस जेवले नाईत. म्हनत, पोरीनं खरं लिवलं."

म्हणजे स्वतःची चूक तुम्ही स्वतःच्या हातानं पाकिटात घातलीत, आणि मला सांगितलंत पोत्याचं! मला का नाही सांगितलंत? एकदा तोंडानं बोलला असता तर काय बिघडलं असतं? मी भांडले असते, हे खरं. पण मग रडलेही असते, तुमच्यासमोर. आता आईची पाठ वळायची वाट पाहावी लागते.

सुरुवात मी नव्यानं लिहीन. तुम्हाला देव करणार नाही आणि राक्षसही नाही. आणि शेवटी एक प्रकरण वाढवीन. त्यात तोच बाप मुलीचं पाकीट छातीशी धरून एसटीत बसतो आणि पोस्टात जातो. ते लिहिल्याशिवाय बाड पुन्हा पुण्याला जाणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
शोभा
किन्हीराजा