पर्समधला रेग्युलेटर

कोल्हार,
सोमवार

प्रिय सीमा,

जय भीम. फोनवरच बोलले असते, पण फोनवर तू मध्ये मध्ये "हो आई, हो आई" करतेस आणि माझं बोलणं अर्धंच राहतं. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

मी तुझ्यावर चिडले आहे. दोन महिने झाले तरी राग उतरलेला नाही. दूध गॅसवर ठेवून मी विहारात झाडलोट करायला गेले आणि विसरले, हे मला मान्य आहे. पातेलं करपलं, घरभर धूर झाला, शेवटी शेजारच्या बिबीजानने आत शिरून गॅस बंद केला. तू सावेडीहून धावत आलीस, पातेलं घासलंस, एक शब्द बोलली नाहीस. आणि जाताना गॅसचा रेग्युलेटर काढून पर्समध्ये टाकून घेऊन गेलीस! संध्याकाळी चहा ठेवायला गेले तेव्हा मला कळलं. चोरी झाली म्हणून मी बिबीजानला हाक मारली, तर ती खाली मान घालून उभी. तिला तू सांगून गेली होतीस. शेजारणीला सांगितलंस, आईला नाही! दुसऱ्या दिवसापासून खानावळीचा डबा सुरू. त्या डब्यातली भाजी एकदा तूही खाऊन बघ.

अगं, वीस वर्षं मी शाळेत खिचडी शिजवली. दोनशे पोरं आणि एक पातेलं. सुरुवातीला माझ्या हातचं नको म्हणून काही घरांतून पोरांना डबे देऊन पाठवायचे. तू तेव्हा कॉलेजात होतीस, त्या लोकांशी भांडायला निघाली होतीस, मीच तुला अडवलं. मी शिजवत राहिले. दिवाळीच्या आत डबे बंद झाले आणि तीच पोरं ताटं पुढे करून मागायला लागली. शिजवणाऱ्या बाईने आधी चाखायचं, मग गुरुजींनी, मग पोरांना वाढायचं, असा नियम होता. वीस वर्षांत एक दिवसही मी न चाखता वाढलं नाही. अशा बाईच्या हातातून तू गॅस काढून घेतलास.

काल तुझी रोहिणी आली होती. लोणीच्या होस्टेलवरून, पिशवीत पास्ता, चीज, सिमला मिरची घेऊन. मेसच्या जेवणाला कंटाळले म्हणाली. मी म्हटलं, मग आपण दोघी सारख्याच. बिबीजानकडून तिचा रेग्युलेटर मागून आणला. "न्या भिमाबाई, पन सीमाला कळू देऊ नका," म्हणाली ती. आता मीच सांगते आहे, तिला बोलू नकोस.

रोहिणी मोबाईलवर बघून सांगत होती. बटरमध्ये कांदा, लसूण, सिमला मिरची परतायची, कच्चा पास्ता त्यातच टाकायचा, वरून दूध आणि पाणी, सगळं एकाच पातेल्यात. मी म्हटलं, ठेव तो मोबाईल, ही तर खिचडीच आहे. पाणी नजरेनंच बेतलं, आच बारीक केली, उलथनं तळापासून फिरवत राहिले. दूध आटून दाटसर झालं, पास्त्याला धरायला लागलं, तसा गॅस बंद करून किसलेलं चीज घातलं. वरून जरासा ठेचा. काय सुरेख दिसत होतं! चमचा उचलला की चीजची तार निघायची. रोहिणीने पुन्हा मागून घेतलं. "आजी, लई भारी," म्हणाली. मध्ये मध्ये पाणी पीत होती, अख्खा तांब्या रिकामा केला. मला वाटलं, ठेचा लागला. मी ताठ मानेने तिला एसटीत बसवून आले आणि येताना रस्ताभर तुला मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

घरी येऊन माझं ताट वाढून घेतलं. पहिला घास तोंडात घातला आणि थुंकला. सीमा, नुसतं मीठ होतं. सकाळी भरलेली मिठाची बरणी निम्मी झाली होती. मी किती वेळा मीठ घातलं ते मला आठवत नाही. चाखून बघायचं असतं, हेसुद्धा मला आठवलं नाही. आणि त्या पोरीने एक शब्द न बोलता दोन ताटल्या संपवल्या, तू पातेलं घासलंस तशीच.

मला सगळ्यांत जास्त राग आला आहे तो ह्याचा. तुम्ही दोघी मायलेकी मला जपता आणि मला काही सांगत नाही. मी काय लहान बाळ आहे? रेग्युलेटर तुझ्याकडेच राहू दे. नगरच्या ज्या डॉक्टरांचं नाव तू दिवाळीत काढलंस आणि मी तुझ्या अंगावर ओरडले, त्यांच्याकडे मला घेऊन चल. मला भीती वाटते आहे. पण रविवारी येताना रेग्युलेटर पर्समधून घेऊन ये. तुझ्या हातानं लाव आणि माझ्याशेजारी उभी राहा. मीठ तू घाल, मी हलवते. वाढायच्या आधी तू चाख, आणि खारट झालं असेल तर माझ्या तोंडावर खारट म्हण.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
आई