पगार पंचेचाळीस हजारांपर्यंत

५ जानेवारी २०२५, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
मंचरला कांदा उतरवून आलो तर पिकअपच्या वायपरखाली कागद. हेवी व्हेईकल ड्रायव्हर डिप्लोमा. साठ दिवस, शंभर टक्के प्लेसमेंट, पगार ४५,००० पर्यंत. सोळा वर्षं गेणभाऊची पिकअप चालवतोय, महिना अठरा हजारांवर. म्हणजे दर महिन्याला सत्तावीस हजारांचं नुकसान होत होतं आणि मला पत्ताच नव्हता.
नंदाला कागद दाखवला. बायको असली तरी विचारावं. ती म्हणाली, ह्यो बारका शब्द वाचला का, पर्यंत? पर्यंत म्हंजी शून्यापासनं सुरू व्हतंय. तिला मार्केटिंगची भाषा कळत नाही.

८ जानेवारी
फी नव्वद हजार. पन्नास पतसंस्थेचं कर्ज, वर्षभर साडेचार हजारांचा हप्ता. बाकीच्यासाठी आबांनी, माझ्या वडिलांनी, चार मेंढ्या विकल्या. चौतीस होत्या, तीस राहिल्या. आबा म्हणाले, मेंढरामागं कुनी डिप्लोमा इचारत न्हाई, पर तुझी हौस. मी म्हणालो, दिवाळीपर्यंत चाराच्या आठ करून देतो. आबा गप्प बसले, म्हणजे पटलं.
फॉर्ममध्ये रकाना होता, हलक्या वाहनाचं लायसन. 'आहे' लिहिलं. तसं काढलेलं नाही. पण लायसन ज्याला गाडी येत नाही त्याला लागतं. कोर्सच्या ऑफिसातल्या मॅडमनी नंबर विचारला नाही. खरे प्रोफेशनल लोक फालतू चौकशा करत नाहीत.

२० जानेवारी
पहिला आठवडा झाला. ट्रक अजून दिसला नाही. सिम्युलेटर आहे, म्हणजे एक स्टिअरिंग आणि पुढे टीव्ही. त्यात मी दोनदा पुलावरून खाली गेलो. रस्ता परदेशातला होता, खड्डे नव्हते, अंदाज चुकला.
टाय सक्तीचा. अवसरीच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना चार वर्षं लागतात, आपलं साठ दिवसांत उरकणार.

१६ फेब्रुवारी, रात्री
ट्रक आला. एक ट्रक, तेवीस जण. माझ्या वाट्याला आजपर्यंत एकूण चाळीस मिनिटं, त्यात वीस मिनिटं तो चालूच होईना. ढकलायचं प्रॅक्टिकल मात्र सगळ्यांचं झालं.
पहाटे उठून थिअरी वाचायचा संकल्प. उद्यापासून. उद्या बटाटा भरायचाय, म्हणजे परवापासून.

३ मार्च
डिप्लोमा मिळाला, साठ दिवसांचा पन्नासातच. लॅमिनेट करून टीव्हीवर लावला. प्लेसमेंटचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, हेवी लायसन आणा, कंपन्या थांबल्यात. कंपन्यांना फार थांबवणं बरं नाही.

१० मार्च, सोमवार
आरटीओच्या कॅम्पला गेलो. खिडकीतले साहेब म्हणाले, हेवीसाठी हलक्या वाहनाचं लायसन एक वर्ष जुनं लागतं. मी म्हणालो, सोळा वर्षांचा अनुभव आहे. त्यांनी विचारलं, कोणत्या लायसनवर. मी डिप्लोमा पुढे सरकवला. मग विचारलं, आज आलात कसे. मी एसटीनं म्हणालो. पिकअप समोरच उभी होती, ते निघून जाईपर्यंत तासभर उसाचा रस पीत बसलो.
मॅडमना फोन. त्या म्हणाल्या, फॉर्मवर तुम्हीच 'आहे' लिहिलंय. पण आमच्याकडं हलक्या वाहनाचाही कोर्स आहे, साडेसहा हजार, माजी विद्यार्थ्यांना टाय फ्री. संस्थेची आपुलकी बघून बरं वाटलं.

११ मार्च
एक वर्ष थांबायचं, तर तोवर पगारवाढ घ्यावी. डिप्लोमा घेऊन गेणभाऊकडे गेलो. पंचवीस हजार मागितले. त्यांनी डिप्लोमा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, वाढवू की राव, लायसनची झेरॉक्स तेवढी दे.
सगळं सांगावं लागलं. गेणभाऊंनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, सोळा वर्सं मी इचारलं न्हाई आन् तू सांगितलं न्हाई. आता दोघांनाबी कळलंय. उद्या काय झालं तर इन्शुरन्सवाला मला धरंल. किल्ली ठिव.
किल्ली ठेवली.

१२ मार्च
हिशेब. कोर्सच्या आधी पगार अठरा हजार, कर्ज नाही. कोर्सनंतर पगार नाही, हप्ता साडेचार हजार. नुसत्या आकड्यांतून एकतर्फी चित्र दिसतं. ज्ञान त्यात धरलेलं नाही.
नंदा कांदा काढायला रोजानं जायला लागली आहे. हा हप्ता तिनं भरला. मी तिला ट्रकच्या एअर ब्रेकचं समजावून सांगत होतो, ती मध्येच झोपली.

१५ एप्रिल
हलक्या वाहनाची टेस्ट. नापास. रिव्हर्स घेताना मी दार उघडून बाहेर लोंबकळलो. सोळा वर्षं मी असाच घेतोय, एक कोंबडी मेलेली नाही. साहेब म्हणाले, आरसा कशाला असतो. मी आजवर त्यात भांग पाडत आलोय, पण ते बोललो नाही. माझ्यामागून आलेल्या एका कॉलेजच्या मुलीनं एका दमात आठाचा आकडा काढला.
या महिन्याचा हप्ता चुकला. पतसंस्थेचा माणूस घरी आला, आबांशी बोलून गेला. मी मागच्या खोलीत होतो. वाचत होतो.

२८ एप्रिल, सोमवार
बेल्ह्याच्या बाजाराला आणखी तीन मेंढ्या. गेणभाऊचीच पिकअप सांगितली. नवा ड्रायव्हर आदेश, वय बावीस. आबा पुढे बसले. मेंढ्या धरायला मी मागे. गाडी बरी चालवतो पोरगा, गिअर जरा उशिरा टाकतो. आळेफाट्याला उतरून मी तसं सांगितलं. तो 'हो काका' म्हणाला.
मेंढ्या पडेल भावात गेल्या. त्यातली एक गाभण होती. तशी आबा विकत नसतात, विचारायचं धाडस मला झालं नाही. आबांनी हप्त्याचे पैसे वेगळे बांधले, आदेशचं भाडं दिलं, आणि येताना पुढे न बसता माझ्याबरोबर मागे बसले. मी म्हणालो, आबा, पुढच्या महिन्यात परत टेस्ट आहे, मग एक वर्ष, मग हेवी, मग बघा. मंचर आलं.
उतरताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, जालिंदर, सत्तावीस उरल्यात. आता आनखी काय शिकू नगं बाबा.
मी बरं म्हणालो.