बाहेरची शिवण

४ नोव्हेंबर, मंगळवार
पिशवी क्र. ११ रिकामी केली. तोंडाची पट्टी सरकवली, डब्यावर तीनदा आपटली, वजन केलं. आत उरलेली धूळ ९ ग्रॅम. (यापुढे नुसतं 'उ.' लिहीन.) क्र. १० चंही उ. ९ च होतं. दोन आठवडे फुकट गेले.

उलटी करून पाहिली. व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीत धूळ कापडाला चिकटून राहते असं मी धरून चालले होते. तसं नाही. ती शिवणीत बसते. शिवताना कापडाच्या दोन कडा आत राहतात, त्यांच्या खोबणीत. चिमट्याने काढावी लागली.

कांतामावशी बाजूलाच क्र. १२ चं कापड बेतत होत्या. सॅम्पल रूममधलं एकुलतं एक शिलाई मशीन त्यांचं. म्हणाल्या, "पोरी, नाकाला ओढणी लाव की. का नुसती शोभेला हाय?"
लावली.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सुट्टी. कपडे, बँक, आईचा फोन लातूरहून. वहिनीचे दिवस भरत आलेत. "तू आत्या होणार, काय पाठवणार आहेस?" ऑनलाइन बघते म्हणाले. पाच कपड्यांचा संच मागवला. चार मिनिटं लागली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
कुलकर्णी सरांनी बोलावलं. आमचा डिझाइन विभाग त्यांच्याकडे. वेल्डिंग मशीनवाला १९ ला दाखवायला येतोय. पिशवीच्या कडा शिवायच्याच नाहीत, उष्णतेने एकमेकींना चिकटवायच्या. शिवण नाही तर शिवणीत धूळ नाही.
"तुमचीच सूचना," सर म्हणाले. कौतुकाने.

माझीच. ऑगस्टचा अहवाल, पान ३.

पुढचं त्यांनी जाता जाता सांगितलं. जमलं तर शिलाई मशीन काढून त्याच जागी हे बसवू. कांताबाईंचं कंत्राट मार्चपर्यंत आहे. नंतर हवं तर पॅकिंगला घेऊ.
पॅकिंगला आठ तास उभं राहावं लागतं. मावशी बसच्या दोन पायऱ्या चढताना गुडघा हाताने धरतात.
मी "हो सर" म्हणाले.

ऑगस्टमध्ये सॅम्पल रूममध्ये कोण बसतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार
जेवताना मावशी: "तोंड का असं? घरची लग्नाचं बघत्यात का?"
"नाही."
"मग?"
"वहिनीला बाळ होणार आहे."
खरं होतं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नव्हतं.
त्यांनी भाकरी खाली ठेवली. "अगं मग झबली कुठं शिवली?"
"मागवलीत. नवीन."
"पैल्या बारा दिसांत नव्वं कापड घालत्यात व्हय अंगाला? खरखरीत?" मग स्वतःशीच, "शिकल्याली माणसं."

१२ नोव्हेंबर, बुधवार
मावशींनी वर्तमानपत्रात गुंडाळून झबलं दिलं. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं, फिकट जांभळं. बटणं नाहीत, बंद आहेत. कापड इतकं धुतलेलं की हाताला लागत नाही.
"चांगलं झालंय" म्हणाले. क्र. १० लाही मी हेच म्हटलं होतं.

घरी उघडलं. सगळ्या शिवणी वरच्या बाजूला. घाईत उलटायचं राहिलं असणार. सुलटं केलं, कोपरे पेनने बाहेर काढले, इस्त्री केली, पाकिटात घातलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आजचं सविस्तर लिहिते.

कुरिअरवाला कंपनीच्या गेटवर येतो म्हणून पाकीट सोबत नेलं. मावशी म्हणाल्या, बघू दे कसं बांधलंस. बघितलं आणि त्या इतक्या हसल्या की स्टोअरमधून दोघी बघायला आल्या.
"अगं माझे आई! इंजिनेर ना तू?"
"काय झालं?"
"शिवण आत केलीस की सारी! लेकराला टोचंल न्हाई का? आतनं गुळगुळीत पायजे. जे काय वंगाळ दिसायचं ते भाईर दिसू दे. लेकराला काय त्याचं?"

मी झबलं उलटं केलं. मग सुलटं. परत उलटं. आत बोट फिरवून पाहिलं. कुठेच अडत नव्हतं.
मी म्हणाले, "मावशी, बारा नंबर उलटी शिवा."
"उलटी न्हाई गं. हीच सुलट."

१५ नोव्हेंबर, शनिवार
क्र. १२, शिवण बाहेर. उ. ३.
तीनदा मोजलं. ३, ३, ३.
धूळ एका गोळ्यात खाली पडली. उडालीच नाही. मावशींनी नाकावरचा पदर काढून डब्यात डोकावून पाहिलं. "बघ की, न्हाऊन निघाल्यागत झाली पिशवी."

अडचण: सुईच्या भोकांतून बारीक धूळ बाहेर येते. पिशवीखाली पांढरा कागद ठेवला होता, त्यावर शिवणीची करडी रेघ उमटली. मावशी रेघेकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मेणबत्ती हाय का कुठं?"

१७ नोव्हेंबर, सोमवार
क्र. १४. बाहेरची कड दुमडून दुहेरी टीप, दोरा मेणावरून ओढून घेतलेला. कागद स्वच्छ. उ. ३.
मावशींनी कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. नंतर घडी घालून पर्समध्ये ठेवला. का, ते विचारलं नाही.

त्यांना सांगायला हवं. उद्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
मशीन आलं. एक पिशवी अकरा सेकंदांत. चिकटवलेल्या पिशवीचं उ. २.
क्र. १४ पेक्षा चांगली. एका ग्रॅमने, पण चांगली.

मावशी आपल्या मशीनच्या चाकावर हात ठेवून बघत होत्या. मशीनवाला म्हणाला, "आता शिंपी नको की काही नको." त्याला बिचाऱ्याला काय माहीत.
मावशींनी विचारलं, "ही कुणाच्या डोक्यातनं निघालं म्हनायचं?"
सरांनी अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं. "आपल्या मॅडमच्या. ऑगस्टपासून मागे लागल्यात."
मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "हुशार हायेत मॅडम."

गेले वर्षभर मी 'पोरी' आहे. आज मॅडम.
जेवायला त्या एकट्या गेल्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
"मॅडम, कापड कुठलं घेऊ?" "मॅडम, झालं." दिवसभरात एवढंच.

शिवलेल्या आणि चिकटवलेल्या, दोन्हींच्या दहा-दहा फेऱ्या मोजायला घेतल्या. प्रत्येक पिशवी तीनदाच आपटायची, ठरलेलं आहे. शिवलेलीच्या सहाव्या फेरीत हात चौथ्यांदा आपटला गेला. उ. २ आलं.
नोंद खोडली. फेरी पुन्हा घेतली. उ. ३.
हे कामाच्या वहीत लिहायची गरज नव्हती. इथे लिहिते.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी मशीनपाशी गेले आणि उभ्यानेच सांगितलं. ऑगस्टमध्ये मीच लिहिलं. मशीन आलं तर तुमची जागा जाईल, हे मला पंधरा दिवसांपासून माहीत आहे. सांगायला हवं होतं.
मावशींनी टीप पूर्ण केली, दोरा तोडला.
"लिवलंस ते खरं का खोटं?"
"खरं."
"मग लिवल्याचा राग न्हाई. रोज माझ्या शेजारी बसून डबा खाल्लास. माझा ठेचा खाल्लास. तवा काय तोंडात मूग धरलं व्हतंस?"
"हो."
"हो म्हनती वर!"
जरा वेळ मशीन चाललं. मग न बघता: "मला पॅकिंगला उभं राहाया जमायचं न्हाई. त्ये एक त्या साह्यबाला सांग. बाकी तुझं तू बघ, पोरी."
सरांना लगेच जाऊन सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

दुपारी ठेचा होता. जास्त तिखट केला होता, मुद्दाम असावा. सगळा खाल्ला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सरांकडे घरगुती चाचणी मागितली. आपण चाळलेली धूळ वापरतो, घरातली धूळ तशी नसते. केस, रांगोळी, उदबत्तीची राख, पीठ. मान्य झालं. चार घरं, प्रत्येकी एक शिवलेली आणि एक चिकटवलेली पिशवी, एकेक आठवडा. दोन्हींवर ठळक छापलंय: धुऊ नये.

मावशी अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "धुनार."
"ठळक लिहिलंय, मावशी."
"लिवलंय तुमी. घरात बसून धुनाऱ्या त्या हायेत."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
पहाटे मुलगी झाली. २ किलो ८००. दोघी बऱ्या आहेत.
आईचा फोन ठेवला आणि मावशींना लावला. दुसऱ्या कोणाला लावायचं सुचलं नाही. त्या म्हणाल्या, "मी चुलीम्होरं हाय, जोरात बोल." जोरात बोलले. बस थांब्यावरच्या सगळ्यांना कळलं.

११ डिसेंबर, गुरुवार
सुट्टीच्या दिवशी चारही घरांतून पिशव्या गोळा केल्या. नोंद जशी मिळाली तशी.

पहिली तीन घरं: दोन्ही पिशव्या धुतल्या. एकीने गरम पाण्यात भिजवून, दुसरीने ब्रशने घासून, तिसरीने वॉशिंग मशीनमध्ये, उशांच्या अभ्र्यांबरोबर. चिकटवलेल्या तिन्ही कोपऱ्यांत उकलल्या. एकीत तर करंगळी जाते. शिवलेल्या तिन्ही शाबूत.
'धुऊ नये' वाचलं होतं का? तिघींनीही वाचलं होतं. एक म्हणाली, "ते तसं लिहायचंच असतं हो."

चौथं घर आमचंच, संत तुकाराम नगर. घरमालकीण सावंतकाकू. "अगो, तुझां यंत्र काय ओढीतच नाय!" उघडलं. धूळ-पिशवीच्या आत किराण्याची प्लॅस्टिकची पिशवी, नीट बसवलेली, वरून रबर लावलेलं.
"काकू, हे काय?"
"नवी कोरी पिशवी मळवायची कित्याक?"
दोन्ही पिशव्या अजिबात न धुतलेलं हे एकच घर. दोन्हींत धुळीचा कण नाही. नशीब, मोटर जळली नाही.
खूप वर्षांनी इतकी हसले. काकूंनी चहा दिला आणि पिशवी परत मागितली. दोन्ही.

१२ डिसेंबर, शुक्रवार
सर: "धुणं हा गैरवापर आहे. आपण लिहिलंय."
मी: "चारपैकी तीन घरांत धुतली."
"मग अक्षर मोठं करा."
"अक्षर त्यांनी वाचलंय, सर."
ते थोडे हसले. म्हणाले, अहवाल द्या, पण शेवटी एका ओळीत शिफारस हवी. ही किंवा ती.

उकललेल्या पिशव्या मावशींना दाखवल्या. मी काय अपेक्षा केली होती कोणास ठाऊक. त्यांनी कोपरा दोन बोटांत धरून ताणला, चष्मा वर केला, पुन्हा ताणला.
"मशीन वाईट न्हाई. कोपरा काटकोनात हाय, सारा ताण तितंच येतोय. जरा गोल काप. मग न्हाई उकलायची."
"मावशी, कळतंय ना तुम्ही कोणाची बाजू सांगताय?"
"पिशवीची," त्या म्हणाल्या.

१५ डिसेंबर, सोमवार
अहवाल दिला. शेवटची ओळ चार वेळा लिहिली. एक ओळ होऊ शकली नाही, चार झाल्या:

कोरडी वापरल्यास चिकटवलेली किंचित सरस. लोक धुतात, आणि धुतल्यावर शिवलेलीच टिकते. म्हणून आत्ता क्र. १४ घ्यावी, आणि नमुन्यांसाठी शिलाई मशीन जागेवर ठेवावं. चिकटवलेलीचे कोपरे गोल करून पुन्हा तपासावी.

खाली: बाहेरची शिवण, मेणाचा दोरा आणि गोल कोपरा या तिन्ही सूचना कांता शिंदे, सॅम्पल रूम.
आडनाव हजेरीच्या यादीतून शोधावं लागलं. इतके दिवस विचारलं नव्हतं.

सर म्हणाले, वर पाठवतो, जानेवारीत कळेल. गोल कोपऱ्याचं वाचून: "हे जमलं तर वेल्डिंगच घेतील, माहितेय ना?"
माहितेय.

१८ डिसेंबर, गुरुवार
वहिनीने फोटो पाठवला. बाळ, डोळे मिटलेले, अंगात जांभळं झबलं. फोटो मोठा करून पाहिला. शिवणी दिसत नाहीत. कोणीतरी नीट सुलटं करून घातलंय.

लगेच फोन लावला. वहिनी घाबरली, मी कधी असा अवेळी करत नाही.
"काय झालं?"
"झबलं उलटं कर."
"अहो, उलटं आलं होतं, मीच सुलटं केलं."
"नाही. शिवण बाहेर. तिला टोचेल."
तिकडे थोडा वेळ बंद सोडल्याचा आवाज, बाळाची कुरकुर, मग शांत.
"थांबली हो रडायची," वहिनी म्हणाली. बहुतेक दुसऱ्याच कारणाने थांबली असेल, एका निरीक्षणावरून काही म्हणता येत नाही. पण आम्ही वीस मिनिटं बोललो. लग्नाला तीन वर्षं झाली, इतकं पहिल्यांदाच.

१९ डिसेंबर, शुक्रवार
मावशींना फोटो दाखवला, दोन्ही. आधीचा आणि उलटं केल्यावरचा. आधीच्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "सारं घरदारच इंजिनेर हाय का?"
नंतरचा बराच वेळ धरून ठेवला.

वरून अजून काही आलेलं नाही. मशीनवाला सोमवारी गोल कोपऱ्याचा साचा आणणार आहे. मावशींनी सकाळपासून क्र. १५ बेतायला घेतली. मला विचारलं नाही.

चारच्या चहाला म्हणाल्या, "हे झबलं दीड म्हैना पुरंल. फुडलं मोठं लागंल. लुगडं अजून उरलंय. मार्चात लेकरू केवढं व्हईल, वहिनीला इचारून माप सांग."
"मार्चमधलं?"
"व्हय. हितंच शिवते की."

वहिनीला मेसेज केला: छाती, बाही, उंची. मार्चचा अंदाज सेंटिमीटरमध्ये हवा.
तिने माप पाठवलं. वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय.