जमिनीखालच्या ऑर्किडवरून नांगर न फिरवण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
कुलारिंग परिसर परिषद,
पश्चिम ऑस्ट्रेलिया.

विषय : माझ्या शेताच्या उत्तर कुंपणालगतची जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी नांगरायचा मोकळा पट्टा) बारा मीटर आत धरण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ९ ऑक्टोबरचे पत्र, "जागेवर कोणतीही ऑर्किड आढळली नाही."

महोदय,

१. आढळली नाही हे बरोबर आहे. ही ऑर्किड उगवते, फुलते आणि सुकते ती जमिनीखाली. तिला पान नाही, हिरवा रंग नाही. आपले तपासनीस उभ्या उभ्या पाहून गेले. फोटो मागितलात, मी पाठवला. "फोटोत फक्त माती दिसते" असा शेरा मारून तो परत आला. माती बाजूला करून फोटो काढला तर कंद मरतो, हे पुन्हा एकदा नम्रपणे कळवतो.

२. लागवडीची हकीकत अशी. ब्रूम नावाच्या रानझुडपाच्या मुळांशी एक बुरशी असते आणि त्या बुरशीच्या जिवावर ही ऑर्किड जगते. अकरा वर्षांपूर्वी रीतसर परवान्याने मिळालेल्या सात बिया मी त्या मुळांना चिकटवून बोटभर खोल दाबल्या आणि वर त्याच झुडपाचा पाचोळा पसरला. खत नाही, खुरपे नाही. पाचव्या वर्षी जूनमध्ये मातीला नखाएवढी भेग पडली. पोटावर पडून दाढीच्या ब्रशने पाचोळा सारला, तर फिकट गुलाबी वाटीत बारीक लाल फुलांची दाटी. पुन्हा झाकून टाकली. त्यानंतर उघडलेली नाही.

३. आता तक्रार. अग्निशमन दलाचे प्रमुख श्री. नोएल बिगवुड हे एक नोव्हेंबरच्या आत करायची जाळरेषा नेमकी त्या झुडपांवरूनच नेणार म्हणतात. कुंपण दोन किलोमीटर आहे. मग तीच जागा का? गेल्या जूनमध्ये त्यांचा कुत्रा तिथे तीन दिवस नाक खुपसून बसला होता. कुत्रा उगाच बसत नाही, आणि मालकाला न सांगता तर नाहीच.

४. श्री. बिगवुड हॉटेलात सर्वांसमोर म्हणाले, "लिंडसे, तुझा तो एमू पक्षी पण असाच होता गड्या, कुणीच न पाहिलेला, तुझी गाडी चालवत घरी आला होता तो." माझे म्हणणे इतकेच की गाडी उतारावर होती आणि एमू आत होता. उताराचा भाग लोक मुद्दाम सांगत नाहीत.

५. नंतर ते माझी पत्नी व्हर्ना हिच्याकडे गेले. "खरं सांग व्हर्ना, काय पुरलंय त्याने तिथे?" ती म्हणाली, "अजून काही नाही. पण तू इतक्या वेळा येतोस, तुझ्यासाठी जागा धरून ठेवली असेल." हे उत्तर मला आवडले. तरी नोंद घ्यावी की ऑर्किड आहे असे तीही म्हणाली नाही. अकरा वर्षांत एकदाही म्हणाली नाही. तिच्यावरही माझी थोडी नजर आहे.

६. श्री. बिगवुड यांचा ट्रॅक्टर गुरुवारी येणार आहे. म्हणून काल सकाळी मी माझाच ट्रॅक्टर काढला आणि झुडपांच्या अलीकडून, बारा मीटर आत, नियमाप्रमाणे तीन मीटर रुंद व चारशे मीटर लांब जाळरेषा स्वतः नांगरली. ती उभ्या गव्हातून गेली. कापणीला बारा दिवस होते.

७. व्हर्ना फाटकाशी येऊन बघत उभी राहिली. मी खाली उतरलो तेव्हा म्हणाली, "म्हणजे आहे तर तिथे." आणि चहा ठेवायला गेली. श्री. बिगवुडही कुंपणाला टेकून बराच वेळ उभे होते. कुत्रा गाडीतच ठेवला होता. याचा अर्थ काय, ते मला अजून उमगलेले नाही.

८. तरी ही जाळरेषा ग्राह्य धरून गुरुवारचा ट्रॅक्टर थांबवावा. झुडपे बाहेरच्या बाजूला राहतात, वणव्यात जळतील, ते मला मान्य आहे. ती पुन्हा फुटतात. बोटभर खालच्या जिवाला आच पोचत नाही, नांगर पोचतो.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
लिंडसे ट्रेथोवन
दि. २१ ऑक्टोबर

सोबत : नांगरलेल्या पट्ट्यातला मूठभर गहू. तपासनिसांनी दाणा चावून पाहावा. भरलेला आहे.