खिंडीतली दुपारची गाडी

२ डिसेंबर १९७४, सोमवार

चहा नाही! हितं चहाच नाही!

सकाळी गवती चहाच्या काड्या उकळून पेल्यात दिल्या. "ह्यो बी चहाच हाय, सर्जेराव," अक्काबाई म्हणाल्या. ह्याला चहा म्हणायचं तर बैलगाडीला एसटी म्हणायला काय हरकत आहे?

अक्काबाई ह्या शिबिराच्या कर्त्या. नसरापूरला हेडबाई होत्या. रिटायर झाल्यावर माहेरच्या गावी येऊन राहिल्या आणि दर हिवाळ्यात वाघजाईच्या देवराईत हे निसर्गोपचाराचं शिबिर भरवतात. देवीला कौल लावून, गावाला विचारून. उंच बाई. आवाज असा की चौथ्या बाकावरचं पोरगंसुद्धा सरळ बसावं. आम्ही सगळे चाळिशी-पन्नाशीचे घोडे, पण तसेच बसतो.

रोजनिशीचा हुकूमही त्यांचाच. "मनात येईल ते लिवा. मी वाचणार न्हाई, कुणाला दावू बी नका."

लिहितो मग. रक्तदाब वाढला म्हणून मला स्टिअरिंगवरून उतरवलंय. मला! भोर–वेल्हे रस्ता ज्याच्या तळहातावर आहे त्याला! महिनाअखेरीला पुण्यात मेडिकल आहे. पास झालो तर गाडी परत. नाहीतर डेपोत बसून टायर राखायचे. दाब उतरवायचा म्हणून हितं आलो, दुसरं काही नाही. देवळाच्या मंडपात घोंगडीवर झोपायचं, उकडलेला भोपळा खायचा. बघू.

३ डिसेंबर

आज काय केलं? चाललो.

राईच्या तोंडाशी चपला काढल्या. आत चपला न्यायच्या नाहीत आणि आतली काडी बाहेर आणायची नाही. वाळकी लाकडं हवी तेवढी पडलीत, तरी स्वयंपाकाची मोळी आम्ही खालच्या गावातून डोक्यावर वाहून आणायची! मी म्हटलं, देवीला एवढ्या लाकडाचं काय लोणचं घालायचंय? गुरवानं माझ्याकडं असं बघितलं की गप बसलो.

चालायचं ते हळू. एकामागं एक, पाय जमिनीला नीट टेकवून. माझ्या पुढं पारूबाई — भोरच्या बाजारात भाजी विकते, गुडघ्यांनी बेजार. एक पाऊल टाकते, थांबते, गुडघ्याला शिवी घालते, मग दुसरं टाकते. मी उजवीकडून पुढं काढली. "सर्जेराव, रांगेत!" परत मागं आलो. परत पुढं गेलो. शेवटी पारूबाईच वळून म्हणाली, "आवं, हॉर्न तरी द्या की!" सगळे हसले. मलाही हसू आलं, पण दाखवलं नाही.

गवताचे भारे घेऊन बायका बांधावरनं चालल्या होत्या. थांबून विचारतात, "काय हरवलंया का तुमचं?" बरोबर आहे त्यांचं. मोकळ्या हातानं इतकं हळू कोण चालतं!

४ डिसेंबर

प्रत्येकाला एकेक झाड दिलंय. दुपारी त्याला पाठ टेकून डोळे मिटून बसायचं. मौन. माझ्या वाट्याला बेहडा आलाय. आम्ही चौघांनी हात धरून कव घालून बघितली — पुरली नाही. वरून गारंबीचे वेल लोंबतात, माझ्या मांडीएवढे जाड. खरं सांगायचं तर असली झाडं मी पाहिलीच नव्हती. ह्याच राईखालून इतकी वर्षं गाडी हाणली आणि वर मान करून बघितलं नाही.

बसलो. जरा डोळा शांत होतोय तोच खिंडीतून आवाज — माझी गाडी! दुपारची भोर–वेल्हे. रस्ता राईच्या खालूनच चढतो. माझ्या जागी गेनू म्हणून बदली ड्रायव्हर आलाय, पूर्वी लॉरीवर होता. दुसऱ्या वळणावर त्यानं गिअर असा खरडला की माझ्या दातांतून कळ गेली.

"अरे क्लच दाब! क्लच!" मी ओरडलो. मौनाच्या तासाला. झाडावरची वटवाघळंसुद्धा उठली.

५ डिसेंबर

आजही खरडला. गाढव!

८ डिसेंबर, रविवार

नसरापूरचे डॉक्टर दर रविवारी दुपारी दाब बघायला येतात. आणि माझी पाळी कधी यावी? गाडी खिंडीत असताना! दंडाला पट्टी बांधलेली आणि खाली गेनू गिअर शोधतोय. डॉक्टर म्हणाले, आलात तेव्हापेक्षा जास्तच आहे. मी म्हटलं, माझा नका मोजू, त्या इंजिनाचा मोजा!

डॉक्टर गेल्यावर अक्काबाई येऊन शेजारी बसल्या. मला वाटलं आता झापणार. तर म्हणाल्या, "गाडी चढाय लागली की तुमीबी तिच्यासंगं चढताय. तिला चढू द्या की. त्यो गिअर टाकंल तवा तुमी श्वास सोडा. त्याचं काम त्याला, तुमचं तुमाला."

हा काय उपाय झाला? पण बाईनं कापूस घाला कानात असं सांगितलं नाही, हे मला आवडलं.

१० डिसेंबर

पोटावर ओल्या मातीची पट्टी, मग झऱ्यात अंघोळ. पाणी असं गार की बापाचं नाव विसरावं. बाहेर आलो आणि उन्हात उभा राहिलो तेव्हा अंग इतकं हलकं झालं होतं की उगीचच एक शीळ घातली. वरून कुठल्यातरी पाखरानं तीच परत घातली. मी पुन्हा घातली. त्यानं पुन्हा! पंधरा मिनिटं आमचं चाललं होतं. घरची असती तर म्हणाली असती, ह्यांना झालंय काय.

पारूबाईनं चोळीत गुळाचा खडा लपवून आणलाय. अर्धा मला दिला. देवमाणूस आहे.

११ डिसेंबर

गाडी आली. पहिला गिअर — श्वास सोडला. दुसरा खरडला — तरी सोडला. शेवटच्या वळणापर्यंत जमलं. नंतर हात बघितले तर मुठी उघड्या होत्या.

१२ डिसेंबर

आज राईत शेकरू आलं. अक्काबाईंनी बोट दाखवलं, सगळे माना वर करून थिजले. "त्ये बगा, त्ये बगा, शेपूट केवढं!" पारूबाई तर लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायला लागली.

मला दिसलं नाही. पानं फार दाट आहेत. मीही म्हटलं, "व्हय, व्हय, लई भारी."

अक्काबाई शेकराकडं बघत नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या.

१४ डिसेंबर

लिहायला जड जातंय, पण कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो — गेनू सुधारलाय. आज दुसऱ्या वळणाच्या आधीच त्यानं गिअर उतरवला, लोण्यातून सुरी जावी तसा. एक्सलेटर एवढासा वाढवला, गाडी दमली नाही, रडली नाही, वर निघून गेली. ह्याला कुणी शिकवलं? कुणी नाही. खिंडीनंच शिकवलं. मलाही तिनंच शिकवलं होतं.

शाब्बास रे पोरा, म्हटलं. मनात. मौनाचा तास होता.

१५ डिसेंबर, रविवार

उतरला! दाब उतरला! डॉक्टरांनी दोनदा मोजला, म्हणाले, "सर्जेराव, काय केलंत?" काय केलं म्हणजे? हळू चाललो, भोपळा खाल्ला, झाडाला टेकून बसलो!

अक्काबाईंच्या पाया पडलो. ही बाई कुणालाही औषधाची गोळी देत नाही, अंगारा देत नाही, भाषण तर अजिबात देत नाही. आणि माणूस आपोआप ताळ्यावर येतो. इतकी वर्षं किती साहेब बघितले, असं माणूस नाही बघितलं.

गाडी मिळणार. मिळणारच!

१६ डिसेंबर

अक्काबाईंनी झऱ्यावर एकट्याला गाठलं. "सर्जेराव, परवा शेकरू तुमाला दिसलं न्हाई."

"दिसलं की."

"न्हाई दिसलं. पुण्याला डोळं बी बघत्याल."

माझं डोकं फिरलं. काय काय बोललो! तुमी मास्तरीण हाय, डॉक्टर न्हाई! माझ्या पोटावर पाय द्यायला बसलाय का? एक शेकरू दिसलं न्हाई म्हणून रस्ता दिसत न्हाई व्हय? वाघजाईच्या राईत, देवीसमोर ओरडलो. त्या ऐकत उभ्या राहिल्या. माझं झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "जेवाय चला."

जेवलो नाही.

१८ डिसेंबर

मौन सोडून राईच्या कडेला जाऊन उभा राहिलो, जिथून खिंड दिसते. गाडी आली. आवाज सगळा कळत होता — कुठला गिअर, किती भरलीय, मागच्या स्प्रिंगचं कुठलं पान कुरकुरतंय. दिसत होती ती नुसती तांबडी हालचाल. कडेनं धूर धरल्यासारखी.

पारूबाई मागून आली होती. म्हणाली, "अगं बया, टपावर खाट बांदलीया बगा कुनी. आन् वर कोंबड्याची डाल!"

मी बघितलं. खाट दिसली नाही. डाल दिसली नाही. टपही नीट दिसला नाही.

भीती वाटली. दाबाच्या वेळी राग आला होता, आज भीती वाटली.

१९ डिसेंबर

आज माझा कंडक्टर मानसिंग भेटायला आला. गाडी वेल्ह्यात थांबते तेवढ्या वेळात कुणाच्या तरी सायकलवर. त्याला सांगितलं, दुसऱ्या कुणाला सांगणार! तो हसला. "एवढंच व्हय? म्या गेल्या महिन्यात चष्म्यासाठी तिथंच गेल्तो. बाकावर बसून हुतो निस्ता, तक्ता तोंडपाठ झालाय!" आणि वरपासून खालपर्यंत अक्षरं म्हणून दाखवली. माझ्याकडून घोकून घेतली. सातवीत कविता पाठ झाली नाही, पण ह्या ओळी तासाभरात झाल्या.

जिवाला जीव देणारा माणूस आहे. "तुमी बसा गाडीवर, म्होरलं म्होरं बघू," म्हणाला.

चालताना, अंघोळ करताना तीच अक्षरं म्हणतोय.

२२ डिसेंबर, रविवार

शिबिर संपलं. दाब आणखी खाली. पारूबाई रांगेत माझ्या पुढं होती आणि मी एकदाही पुढं काढली नाही. गंमत म्हणजे आता तीच भरभर चालते!

निघताना मला वाटलं अक्काबाई डोळ्यांचं विचारतील. उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. सगळ्यांच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला, माझ्या हातावर दोन. मी त्या दिवशी तेवढं तोंड सोडलं, त्याचा बाईच्या चेहऱ्यावर मागमूस नाही. मी असतो तर आठ दिवस फुगून बसलो असतो. म्हटलं, "अक्का, चुकलं माझं." तर म्हणाल्या, "राईनं ऐकलं, राईत ऱ्हायलं. हितली काडी बी भायेर न्यायची न्हाई, ठावं हाय न्हवं?"

बेहड्याला हात लावून आलो. डोळे भरून आले होते. भोरला घरी पोचलो, घरचीनं चहा ठेवला. गोड लागला, पण पूर्वीसारखा नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार. पुणे

झालं एकदाचं.

दाब फर्स्टक्लास! डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाला असा दाब म्हणजे कमाल आहे. मग तक्त्यासमोर उभं केलं. मी धडाधड म्हणून दाखवलं, शेवटच्या ओळीपर्यंत. ते "शाबास" म्हणाले आणि लिहायला खाली वाकले. झालं होतं. गाडी माझी होती.

"साहेब, थांबा," मी म्हटलं. "हे पाठ हाय माझं."

तोंडातून कसं निघालं, देवीला माहीत. मी काही फार विचार करून बोललो नाही. खोटं रेटायला अंगात जी घाई लागते ती राहिलीच नव्हती, एवढंच सांगता येईल. आत सगळं गप होतं, आणि त्या गप जागेत मला गाडी भरलेली दिसत होती — बायका, पोरं, टपावर खाट — आणि खिंड.

त्यांनी तक्ता बदलला. वरची दोन अक्षरं सांगितली, पुढं धूर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करा, म्हणाले, जाड चष्म्यानं वाचता येईल, शेती करता येईल. प्रवासी गाडी आता नाही. कधीच नाही.

स्वारगेटला रसाच्या गुऱ्हाळामागं उभं राहून रडलो. पोरगा रस घेऊन आला तर त्याला म्हटलं, डोळ्यात कचरा गेलाय.

मानसिंगला काय सांगू? घरचीला काय सांगू?

२८ डिसेंबर

घरचीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. रोज तुमी घरी येस्तवर माजा जीव थाऱ्यावर नसायचा." इतकी वर्षं बोलली नाही बाई!

उद्या जाऊन अक्काबाईंना सांगून येतो.

२९ डिसेंबर, रविवार

दुपारच्या गाडीनं निघालो. गेनू चालवत होता, मी मागं प्रवाशांत, खिडकीला. ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या गाडीत कधी झोपत नाही — पाय आपोआप ब्रेक दाबत असतो. खिंड कधी आली आणि राईचा थांबा कधी गेला, मला कळलंच नाही. मानसिंगनं वेल्ह्यात खांदा हलवून उठवलं.