अर्धा ख

आबा, तुमची पणती, म्हणजे माझी नात, पुण्यात नोकरीला लागली हाय, आणि गळ्यात फोटोचं कार्ड घालून जाती. रविवारी ती झोपलेली असताना ते कार्ड मी माझ्या गळ्यात घालून आरशात बघितलं. चांगलं दिसत होतं. तिचं काम काय, ते मला दोन महिने कळंना. एका मोठ्या हॉस्पिटलासाठी देणग्या गोळा करतात, आणि मागायला कुणाकडं जायचं ते ही आधी शोधून काढती. कुणाची ऐपत काय, कुणाच्या घरातलं माणूस आजारातून उठलं, कुणाचं मन कशात हाय. म्हटलं, अगं, हे तर आमचे आबा करायचे. पगार न्हाई मिळायचा, एवढंच.

अजून डोळ्यापुढं हाय, तुमी ओट्यावर तंबाखू मळत बसलाय. शाळेच्या नव्या खोलीवर कौलं घालायची हायेत, आणि गुरुजी विचारतायत, सुरुवात कुटनं करायची. तुमाला सगळं तोंडपाठ. कुणाची म्हस याली, कुणाच्या पोराची मुंबईहून मनीऑर्डर आली, कोण तोंडानं न्हाई म्हणतो आणि पाठोपाठ पायलीभर तांदूळ घेऊन येतो. तुमाला अक्षर येत न्हवतं, म्हणून वही माझ्या हातात. तिसरीतली मी, झग्यावर शाईचे डाग. ‘माजी पोर लिवती,’ असं तुमी दारोदार सांगायचा, आणि मी मान ताठ करून चालायची. तिसरीनंतर शाळा सुटली, पण ती चाल काय गेली न्हाई. सून अजून म्हणती, आत्याबाई मामलेदारासारख्या चालतात.

तर पोरीचं सांगत होते. हपिसात ती एकटीच गावाकडची. पहिल्याच दिवशी एक बाई तिला म्हणाली, “तुझ्या ओळखीत मोठी माणसं कुठून असणार गं?” पोर रडली न्हाई, ती माझ्यावर गेलीय, म्हणजे तोंडाळ हाय. तिनं त्यांची यादीच समोर धरली. सगळे भूगावच्या बंगल्यातले न्हाईतर पुण्यातले, सगळे पुरुष, आडनावं फिरून फिरून तीच. मला म्हणाली, “आज्जी, उरवड्याच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या बायकांना कुणी विचारलंच नाही. पौडच्या बाजारातले मुसलमान दुकानदार यादीत नाहीत. जुन्या पावत्यांवर त्यांची नावं तीन तऱ्हांनी लिहिलेली, मग कॉम्प्युटर एका माणसाची तीन माणसं करतो, आणि तिघांनाही किरकोळ समजून गाळतो.” मी म्हटलं, “न विचारणं हा अपमानच असतो, बाई.” आणि तिला चाचीची गोष्ट सांगितली. आबा, तितं माझं चुकलं.

कोपऱ्यावर दुकान घातलेली ती चाची. तिची पोर माझ्या शेजारी बसायची, आमची दोघींची पाटीसुद्धा एकच. आपण वर्गणीला निघालो आणि तुमी त्या दारावरून तसेच पुढं गेलात. “त्यांचं दुकान आत्ता लागलंय, कशाला खर्चात पाडायचं बिचाऱ्यांना,” असं गुरुजींना म्हणालात. वाईट मनानं न्हाई म्हणालात, ते मला तवाबी कळत होतं. चाची दारातच उभी. मागं राहिलेल्या मला म्हणाली, “काय गं, तुज्या बापाला आमचं घर दिसत न्हाई का? का आमची पोर दुसऱ्या शाळंत जाती?”

नातीला मी हितपर्यंतच सांगितलं. तिचे डोळे असे चमकले की मला पुढं बोलवंना. तिनं लगेच मोबाइलात लिहून घेतलं.

पुढचं तुमाला म्हाईत हाय, आणि न्हाईबी. मी पळत येऊन तुमाला सांगितलं, तुमी उलटे फिरलात. “चुकलं वैनी माजं, आधी हितंच यायला पायजे होतं.” चाचीनं दुकानावर घालून उरलेली कौलं दिली, ती तुमी स्वतः डोक्यावरून नेलीत, दोन खेपा. मला म्हणालात, “लिव तिचं नाव, सगळ्यात वर लिव.” चाचीच्या नावात ख आणि त एकात एक अडकलेले. जोडाक्षरं आमची नुकती सुरू झालेली. अर्धा ख काढला, खोडला, परत काढला, कागद फाटायला आला. गुरुजी पुढच्या दारात, त्यांना विचारायला जावं तर तुमी कौलं डोक्यावर उचलून द्यायला आलेल्या गड्याला सांगताय, “बग माजी पोर कशी लिवती.” मी पान उलटलं. तुमी विचारलंत, “लिवलं का?” मी म्हटलं, “व्हय.”

वर्गणी देणाऱ्यांच्या नावांचा फळा रंगवायच्या आधी गुरुजींची बदली झाली. पेंटरनं वहीत होतं तेवढं उतरवलं. खोली उघडली त्या दिवशी तुमी सगळ्यांदेखत चाचीला फळ्यापाशी नेलंत. “हे बगा वैनी, सगळ्यात वर तुमचं नाव.” बोट ठेवलं होतंत पाटलाच्या नावावर. चाचीच्या पोरीला वाचता येत होतं. तिनं फळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आईच्या कानाशी काहीतरी बोलली. चाची म्हणाली, “व्हय भाऊ, दिसलं,” आणि पदर सावरून निघून गेली. मागं कुणीतरी हसलं, तुमाला वाटलं आनंदानं. दुसऱ्या दिवशी तिची पोर माझ्या शेजारून उठून भिंतीकडं बसली. गावात म्हणायचे, आबानं कौलं घेतली आणि नाव गिळलं. ते तुमच्या कानावर आलं का, हे विचारायचं मला कधी धाडस झालं न्हाई, आणि तुमी गेलात.

आज नात हपिसात सगळ्यांसमोर बोलणार हाय. यादी कशी बदलायची ते सांग, म्हणून साहेबांनी तिलाच उभं केलंय. सुरुवात म्हणे घरापासून करणार, माझ्या पणजोबांनी एक घर गाळलं, अशी. “गाळणाऱ्याचं मन वाईट नसलं तरी नाव गळतंच, आज्जी,” असं म्हणत होती. पोर खरं बोलती. पण ते नाव तुमी न्हाई गाळलं.

काल तिला म्हटलं, ख ला त कसा जोडतात, दाखव. तिनं पेपरच्या कडेला काढून दाखवला. एवढंसं तर होतं. हा कागद मी पहाटे लिहिला आणि तिच्या डब्याच्या पिशवीत घातला. पिशवी हातात देताना काढून घेतला. दारात चपला घालता घालता, माझ्याकडं न बघता, तिनं विचारलं, “आज्जी, तू सांगितलीस तशीच सांगू ना?”

ती गेल्यावर हे शेवटचं लिहितेय, आबा. मी म्हटलं, “व्हय.”