सोनूबाईचा मुलगा

सोमवार, ४ मार्च १८९५

शाळाखात्याच्या डिपुटीसाहेबांची परीक्षा आटोपली. माझ्या तिसरीचा निकाल वाईट. ब्राह्मण-परभूंची मुलं बहुतेक पास. गिरणीवाल्या मराठ्यांची निम्मी गेली. शिवडीच्या कोळ्यांची एकूणएक नापास.

जगनसुद्धा. तोंडी हिशेबात त्याच्या तोडीचं पोर वर्गात नाही. पण साहेबांनी गणितं फळ्यावर लिहून दिली, आणि कोळ्यांची रांग दाराजवळ. तिथून फळा दिसत नाही. उजेडानं नुसता चकाकतो.

ती रांग मी लावली. गेल्या वर्षी दोन-तीन बापांनी कुरकुर केली, या मुलांना मासळीचा वास येतो म्हणून. रमाकांतपंत — आमचे हेडमास्तर — एवढंच म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. मी बघितलं. दुसऱ्याच दिवशी कोळ्यांची पोरं उचलून दाराशी बसवली.

मंगळवार, ५ मार्च

वरच्या कचेरीतून विचारणा आली. कोणत्या जातीची मुलं जास्त नापास होतात, आणि का? माझं अक्षर बरं, म्हणून पंतांनी उत्तराचा मजकूर मलाच लिहायला सांगितला.

लिहिलं — ‘कोळी व मजूर लोकांच्या मुलांस विद्येची गोडी नाही. आईबापही बेफिकीर.’

पंत खूश. म्हणाले, ही माणसं तुम्ही बरोबर ओळखलीत.

ओळखणार नाही तर काय? शिवडीच्या कोळीवाड्यातच जन्मलो. आई अजून तिथं आहे, अजून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फिरते. मिशनच्या शाळेत शिकलो, गिरगावात आलो. खोताच्या वाडीत खोली बघताना घरवाल्यानं जात विचारली, तर तोंडातून निघून गेलं — रत्नागिरीकडचे मराठे. पुढं शिवडीजवळच्या या शाळेवर नेमणूक झाली, तिथंही तेच सांगितलं. आता बारा वर्षं तेच चाललंय.

आईकडे जातो. नाही असं नाही. पण पागोटं काखेत मारून, डोक्याला फडकं गुंडाळून, मागच्या खाजणाच्या, दलदलीच्या बाजूनं. तिनं कधी विचारलं नाही की असा का येतोस.

गुरुवार, ७ मार्च

हे लिहू नये असं वाटतं. पण दुसरीकडे कुठं सांगणार?

मधल्या सुट्टीत जगनची आई आली, जाईबाई. रिकामी पाटी पायरीखाली ठेवली, वर आली नाही. पोराला दाराशी का बसवता, असं विचारत होती. त्याला फळा दिसत नाही म्हणतो. भांडत नव्हती. खरंच विचारत होती.

मी म्हटलं, शाळेचा नियम आहे.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तू सोनूबाईचा पोर ना रं? तुला कडेवर घेतलाय मी.”

पंत माझ्या मागे, दारातच उभे होते.

ती आपली बोलतच होती. सोनूबाई वाड्यात सांगत असते, माझा पोर मास्तर हाय. कोणाला खरं वाटत नाही. बाया हसतात तिला. आता मी जाऊन सांगते सगळ्यांना.

“बाई,” मी म्हटलं, “तुमची काहीतरी चूक होतेय. मी कुणा सोनूबाईला ओळखत नाही.”

आवाज जरासुद्धा हलला नाही माझा. तिचीच मान खाली गेली. “माफी करा, मास्तर,” म्हणाली. एकदम अहो-जाहो. पाटी उचलून गेली.

पंतांनी विचारलं, काय म्हणत होती? मी म्हटलं, काही नाही.

शुक्रवार, ८ मार्च

 आईला काय सांगितलं असेल जाईबाईनं?

शनिवार, ९ मार्च

जगन आला नाही. बाकीची पोरं सांगतात, शिमगा झाला की तो बापाबरोबर होडीवर जाणार. त्याच्या आईनंच नाव काढायला सांगितलंय.

हजेरी घेतली. मग दाराजवळच्या पोरांना उठवलं, सगळ्यांना पुढं आणून बसवलं. फळ्यावर गणित लिहिलं. शेवटून पहिला येणारा दगडू — त्यानं सोडवलं. पाटी वर धरून माझ्याकडे बघत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

एका वकिलाच्या मुलानं नाक दाबलं. तासाभरात पंतांचं बोलावणं.

त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं. मी कोळी. परवाची बाई खरं बोलत होती. सोनूबाई माझी आई.

 पंत हळू म्हणाले, “मग तो मजकूर लिहिलात तो?”

“खोटा आहे. परत द्या, दुसरा लिहितो.”

“काल कचेरीत गेला. साहेबांना आवडला म्हणे. कोळ्यांच्या मुलांकरता यापुढं शाळेत जागा अडवून ठेवायची नाही, असं ठरतंय.”

माझ्या नोकरीचं काय ते त्यांनी काढलं नाही. सोमवारनंतर बघू म्हणाले. मला त्याची भीती वाटली नाही, हे खरं. उलट घरी येताना हलकं वाटत होतं. उद्या होळी, सगळा कोळीवाडा घरी असणार. उद्या जायचं — पागोटं डोक्यावर, पुढच्या रस्त्यानं, दिवसाउजेडी. सगळ्यांसमोर आईच्या पाया पडायचं. मग जाईबाईच्या पडायचं, आणि जगनला परत मागायचं.

रविवार, १० मार्च. होळी.

गेलो. आई अंगणात बायांच्यात बसली होती. जाईबाई शेजारीच.  मी पागोट्यासकट वाकलो, म्हटलं, आये, मी शाळेत सांगितलं सगळं.

तिनं पाय मागं ओढून घेतले. “मी बी सांगितलंय सगल्यांना,” म्हणाली. “मी खोटं बोलत व्हती. मला पोर नाय.”